खडकावरचा राजा, मातीवरचा राजा

पश्चिम इराणात बेहिस्तूनचा कडा आहे. त्यावर सम्राट पहिला दरायस याने आपली कहाणी जुनी फारसी, एलामी आणि बॅबिलोनी अशा तीन भाषांत कोरून घेतली. शिल्पात त्याचा एक पाय गौमाताच्या छातीवर आहे आणि समोर गळ्यात दोर अडकवलेले बंडखोर राजे ओळीने उभे आहेत. साऱ्यांवर आरोप एकच : हे खोटे बोलले. मला कुतूहल वाटते ते या आरोपाचेच. एखाद्याला इतक्यांदा दुसऱ्याचे खोटे दाखवावे का लागते?

इ. स. पूर्व ५२२ मध्ये सम्राट कँबिसिस वारला. दरायसचे म्हणणे असे, की कँबिसिसने आपला भाऊ बर्दिया याला आधीच गुपचूप मारले होते आणि गौमात नावाचा पुरोहित बर्दियाचे सोंग घेऊन गादीवर बसला होता. दरायसने सहा सरदारांच्या साथीने या तोतयाला ठार केले. पण मारला गेला तो तोतया की सायरसचा खराखुरा मुलगा, अशी शंका अनेक इतिहासकार घेतात. मला ती रास्त वाटते. दरायस हक्क सांगत होता तो कुळाचा. आणि तो गादीवर आला तेव्हा त्याचे वडील व आजोबा, दोघेही हयात होते! पुढे त्याने सायरसची मुलगी अतोसा हिच्याशी लग्न केले, त्यामागेही हीच गरज असावी.

तरीही बळकावलेली गादी त्याने सांभाळली ती मात्र कर्तबगारीने. प्रांतवार कर ठरवले, सोन्याचे दारिक नाणे पाडले, नाईल नदीपासून तांबड्या समुद्राकडे कालवा नेला. सार्दिस ते सूसा या सुमारे २,५०० किलोमीटरच्या राजमार्गावर टप्प्याटप्प्याने घोडे बदलत टपाल धावे. सिंधूकाठचा मुलूख त्याच्या लेखांत 'हिंदुश' म्हणून येतो. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनला त्याच्या फौजेचा पराभव झाला आणि ४८६ मध्ये तो वारला.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला हेन्री रॉलिन्सन हा अधिकारी पुढे इराणात गेला आणि १८३५ पासून त्याने बेहिस्तूनचा लेख उतरवून घ्यायला सुरुवात केली. तीन भाषांतल्या या एका लेखामुळे कीलाक्षर लिपी वाचण्याचे दार उघडले. स्वतःच्या समर्थनासाठी कोरलेला मजकूर असा ज्ञानाच्या कामी आला.

मला मात्र अधिक जवळचा वाटतो तो १९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या उत्खननात सापडलेला मातीच्या पाट्यांचा साठा. त्यांत दरायसच्या कारभारातल्या शिध्याच्या नोंदी आहेत. कामकरी बाळंतिणींना जादा शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. राज्याची व्यवस्था आणि तिच्यातला पक्षपात, दोन्ही या एका नोंदीत दिसतात. कड्यावरचा मजकूर जगाला पटवण्यासाठी होता. या पाट्या केवळ हिशेब जुळावा म्हणून लिहिल्या गेल्या. दरायस खरा कसा होता, याची साक्ष काढायची झाली तर मी आधी या पाट्यांकडे जाईन.