ससाणा आणि स्पंज

आकाशात घिरट्या घालणारा ससाणा दिसला की आम्हां मुलांच्या माना आपोआप वर होतात. समुद्रतळी खडकाला चिकटलेल्या स्पंजाकडे मात्र आम्ही ढुंकूनही पाहणार नाही. या दोघांनाही सारख्याच आदराने न्याहाळणारा एक थोर पुरुष सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात होऊन गेला. तो म्हणजे ॲरिस्टॉटल.

इ. स. पूर्व ३८४ मध्ये स्टॅगिरा या गावी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते. सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या विद्यापीठात दाखल झाला व सुमारे वीस वर्षे तेथेच राहिला. गुरूच्या निधनाच्या सुमारास त्याने अथेन्स सोडले. पुढे लेस्बॉस बेटावर राहून त्याने जलचरांचे बारकाईने निरीक्षण केले. कोळ्यांकडून माहिती घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

शिकारी पक्ष्याला भक्ष्य पकडून फाडावयाचे असते. म्हणून त्याची चोच व नखे बाकदार, पंख बळकट आणि दृष्टी तीक्ष्ण असते, असे त्याने दाखविले. त्याच नखांमुळे त्याला जमिनीवर नीट चालता येत नाही, हेही त्याने हेरले.

स्पंजाला तर डोळे नाहीत, पंख नाहीत, पायही नाहीत! ग्रीक योद्धे शिरस्त्राणाच्या आत अस्तर म्हणून तो लावीत. पण तो प्राणी की वनस्पती? खडकापासून सुटला की मरतो, हे लक्षण वनस्पतीचे. कोणी उपटू लागताच अंग आकसून घेतो असे लोक सांगत. हे लक्षण प्राण्याचे. टोरोनी गावचे लोक मात्र ही गोष्ट मानीत नसत. ॲरिस्टॉटलने दोन्ही मते नोंदविली. निर्जीवापासून प्राण्यापर्यंत सृष्टी इतक्या हळूहळू चढत जाते की मधली सीमारेषा सापडत नाही, असे त्याला दिसून आले.

इ. स. पूर्व ३४३ च्या सुमारास तो राजपुत्र अलेक्झांडरचा गुरू झाला आणि ३३५ मध्ये अथेन्सला परतून त्याने लायसियम ही आपली पाठशाळा काढली. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला, तेव्हा अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध रोष उसळला. ॲरिस्टॉटलवर पाखंडाचा आरोप आला. पाठशाळा मागे टाकून त्याला कॅल्सिस येथे जावे लागले व ३२२ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला.

त्याच्या हातून चुकाही झाल्या. शिकारी पक्षी सहसा पाणी पीत नाहीत, हे त्याचे मत पूर्णपणे खरे ठरले नाही. स्पंजाचा प्रश्न मात्र दोन हजार वर्षे जिवंत राहिला. १८२५ च्या सुमारास रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने स्पंजाच्या छिद्रांतून वाहणारे पाण्याचे प्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे स्पंज हा प्राणीच होय हे सर्वमान्य झाले. त्याला मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. तरीही काही स्पंज सावकाश आकसतात, हे आज आपणांस ठाऊक आहे.

परीक्षेत उत्तर न आले तर आम्हांला लाज वाटते. एवढ्या मोठ्या पंडिताने मात्र एक प्रश्न प्रामाणिकपणे मोकळा ठेवला, म्हणून पुढच्यांना तो सोडविता आला.