पंडिता रमाबाई : आघातांतून उमगलेली ईश्वरी योजना

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे छोटे स्थानक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळात या गावाच्या माळरानावर शेकडो निराधार मुलींना आसरा मिळाला आणि 'मुक्ती' हे नाव देशविदेशांत पोहोचले. या कार्याच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांना महाराष्ट्र संस्कृत विदुषी आणि समाजसुधारक म्हणून ओळखतो. परंतु एकामागून एक आघात सोसूनही आपल्या आयुष्यामागे परमेश्वराचा निश्चित हेतू आहे, हा विश्वास त्यांनी कसा मिळवला, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, सध्याच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. आईकडून ते ज्ञान रमाबाईंना मिळाले. पुढे हे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थक्षेत्रे हिंडू लागले. जवळचे द्रव्य संपले आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण अशा तिघांचा अंत झाला. व्रते आणि उपवास करूनही संकट टळले नाही, हे पाहून रमाबाईंची परंपरागत श्रद्धा डळमळू लागली.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी प्रवास करीत त्या १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भावाचेही निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. कन्या मनोरमा हिच्या जन्मानंतर वर्षभरातच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाई विधवा झाल्या होत्या.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. तेथे श्रवणशक्ती मंदावल्याने डॉक्टर होण्याची आशा सोडावी लागली. त्याच वर्षी वॉंटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि, धर्मांतर केले म्हणून त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही. धर्मसिद्धान्तांवरून त्या चर्चच्या वरिष्ठांशी वाद घालीत राहिल्या. आपले उत्तरदायित्व परमेश्वराशी आहे, ते चर्चच्या अधिकाऱ्यांशी नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने त्यास १० वर्षे अर्थसाह्य करण्याचे मान्य केले होते. मात्र काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्याची चर्चा सुरू झाली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. हा आघात मोठा होता. ज्यांच्या पाठिंब्यावर संस्था उभी राहिली, तेच दूर गेले होते.

याच काळात रमाबाईंनी ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले. लोकांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर म्युलर यांनी हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला होता. इंग्लंडात जे घडले ते भारतात का घडू नये, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांना आपले बालपण आठवले. भुकेने मरणारी माणसे त्यांनी आपल्याच घरात पाहिली होती. हाती पैसा नसताना त्या दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेली जमीन उपयोगी पडली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हाही त्यांनी तेथील मुलींना आणले.

रमाबाईंच्या लेखी ईश्वरावर विसंबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते. केडगावात शेती, विणकाम, शिवणकाम, मुद्रण असे अनेक उद्योग सुरू झाले आणि अंध स्त्रियांच्या शिक्षणाचीही सोय झाली. आपल्या कुटुंबाचा घास घेणाऱ्या दुष्काळाकडे त्या केवळ दुर्दैव म्हणून पाहत नव्हत्या. त्या दुःखानेच आपल्याला इतरांची भूक ओळखता आली, अशी त्यांची समजूत होती. अर्थात त्यामुळे दुःख सौम्य झाले, असे नाही.

शेवटची कसोटी बाकी होती. सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षे भाषांतर करीत राहिल्या. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवायची, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये निवर्तली. उत्तराधिकारी गेली, तरी रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्तीतील स्त्रियांनीच छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहण्यास रमाबाई नव्हत्या. त्यांच्या पश्चातही केडगावातील निराधार स्त्रिया आणि मुलांचा आसरा मात्र सुटला नाही, तो आजतागायत कायम आहे.