अलेस्सांद्रो मोरेस्की : एका स्वर्गीय स्वराची किंमत

रविवारच्या मिस्साबलिदानात आपल्या धर्मग्रामातील भगिनी गायकवृंदात उभ्या राहून गातात, याचे आज आम्हाला नवल वाटत नाही. परंतु कित्येक शतके उपासनेत स्त्रीस्वराला स्थान नव्हते. स्त्रियांच्या मौनाविषयी संत पौलाने करिंथकरांस जे लिहिले, त्याचा तसा अर्थ लावला जाई. मग उंच पट्टीतील स्वर गाणार कोण? सोळाव्या शतकात पोपमहोदयांच्या सिस्टाइन चॅपलमध्ये ते काम स्पॅनिश पुरुष गायक करीत. आपला नेहमीचा आवाज बाजूला ठेवून ते ‘फॉल्सेटो’ या कृत्रिम उंच आवाजात गात. त्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची जागा ‘कास्ट्राटी’ घेऊ लागले. आवाज फुटण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून ज्यांचे पौरुष हिरावून घेतले जाई, असे हे गायक होते. अलेस्सांद्रो मोरेस्की हे त्यांच्यापैकी अखेरचे.

मोरेस्की यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८५८ रोजी रोमजवळील मोंते कोंपात्री या गावी एका कॅथोलिक कुटुंबात झाला. बालवयातच त्यांच्यावर ती शस्त्रक्रिया झाली. त्यांचा सुरेल गळा पाहून त्यांना रोमला आणण्यात आले व गाएतानो कापोच्ची या संगीतगुरूंच्या हाती सोपविण्यात आले. १८७३ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, ते लॅटरन महामंदिराच्या गायकवृंदात दाखल झाले. १८८३ साली बेथोव्हेनच्या जैतून डोंगरावरील ख्रिस्तदुःखावरच्या संगीतरचनेत त्यांनी स्वर्गदूताची भूमिका गायिली. पुढे लोक त्यांना ‘रोमचा देवदूत’ म्हणू लागले. त्याच वर्षी त्यांना सिस्टाइन चॅपलमध्ये प्रवेश मिळाला. १९०० साली इटलीचे राजे उंबेर्तो यांच्या अंत्यविधीतही ते गायिले.

१९०२ व १९०४ साली ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. कास्ट्राटो गायकाचा एकल स्वर जगाला ऐकू येतो, तो केवळ या तबकड्यांतून. त्यांतील ‘आवे मारिया’ ऐकताना आम्हाला आनंदापेक्षा व्यथाच अधिक जाणवते.

तोवर काळ बदलला होता. १९०२ साली पोप लिओ तेरावे यांनी नवे कास्ट्राटी घेण्यास मनाई केली. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणी, पोप पायस दहावे यांनी चर्चसंगीताविषयीच्या आदेशात उंच स्वरांसाठी मुलांची योजना करण्यास सांगितले. मोरेस्की मात्र १९१३ पर्यंत सेवेत राहिले. त्यांचे शिष्य दोमेनिको मांचिनी हे फॉल्सेटो गायक होते. कोणतीही शस्त्रक्रिया न होता त्यांनी गुरूची गायनशैली हुबेहूब आत्मसात केली होती. २१ एप्रिल १९२२ रोजी मोरेस्की रोममध्ये ख्रिस्तवासी झाले.

चर्च अशी शस्त्रक्रिया निषिद्ध मानीत असे. तरीही तिच्यातून निपजलेले स्वर तिने तीन शतके स्वीकारले. ही विसंगती झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. मोरेस्की यांनी देवाला वाहिलेले गायन अनमोलच होते. पण त्यासाठी एका बालकाच्या देहाचे मोल घेण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. पुढे १९५५ साली पोप पायस बारावे यांनी गायकवृंदात स्त्रियांना अनुमती दिली. यापुढे गायकवृंदातील लेकींचा स्वर कानी पडेल, तेव्हा त्या मुक्या बालकांचेही आपण प्रार्थनापूर्वक स्मरण करू या.