पंडिता रमाबाई आणि त्यांच्या लेकी

सह्याद्रीच्या दक्षिण भागात, आजच्या कर्नाटक राज्यात, गंगामूळ नावाचे एक अरण्य आहे. तेथे १८५८ सालच्या एप्रिल महिन्यात अनंतशास्त्री डोंगरे यांना एक कन्या झाली. तिचे नाव रमा. ती अवघी सहा महिन्यांची असताना घरातील धनधान्य संपले आणि सर्व कुटुंबाला तीर्थयात्रेची वाट धरावी लागली. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात निजविले, तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि अशा रीतीने ती डोंगर उतरून खाली आली.

अनंतशास्त्री हे मोठे विद्वान व तितकेच निश्चयी गृहस्थ होते. तरुणपणी ते पुण्यास शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. एक स्त्री संस्कृत श्लोक शुद्ध म्हणते हे पाहून शास्त्रीबुवा चकित झाले. आपल्याही पत्नीस ही विद्या द्यावयाची, असे त्यांनी तेव्हाच ठरविले. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी शिकविण्यास आरंभ केला तेव्हा भोवतालचे लोक खवळले. पंडितांच्या सभेपुढे उभे राहून त्यांना शास्त्राधार दाखवावे लागले. ते त्यांनी दाखविले, परंतु गावातील कटकटीला कंटाळून ते अरण्यात जाऊन राहिले. लक्ष्मीबाई तेथेच विदुषी झाल्या.

रमा आठ वर्षांची झाली तोवर वडील वृद्ध झाले होते. मग तिच्या शिक्षणाचा भार आईने उचलला. दिवसभर संसाराची कामे असत, यात्रेकरूंचा राबता असे. म्हणून लक्ष्मीबाई पहाटेची वेळ साधीत. झाडांवर पाखरे किलबिलू लागण्याच्या सुमारास त्या मुलीला प्रेमाने जागे करीत, मांडीवर घेत आणि श्लोक म्हणवून घेत. पुस्तक नाही, पाटी नाही. आईच्या मुखातून निघावे आणि मुलीच्या मुखात बसावे, अशी ती शाळा होती. या शाळेत भागवतातील हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले. पतीने पत्नीला दिलेली विद्या पत्नीने लेकीला दिली. ती तिसऱ्या हाती आली, एवढेच तेव्हा कोणी म्हटले असते. पुढे ती किती हातांत जाणार होती याची त्या माउलीला कल्पना नव्हती.

पुराण सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास माणसे येईनात, आणि मोलमजुरी करण्याची या घरास सवय नव्हती. भांडी गेली, वस्त्रे गेली. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. त्यातच अनंतशास्त्री गेले. थोड्याच दिवसांनी लक्ष्मीबाईंनीही प्राण सोडला. स्मशान तीन मैल दूर होते आणि प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे आणि रमेचा भाऊ श्रीनिवास असे तीन खांदे झाले; चौथा खांदा रमेने दिला. परंतु ती उंचीने लहान होती, तिचा खांदा तिरडीपर्यंत पोहोचेना. म्हणून आपल्या वाट्याचे टोक तिने डोक्यावर घेतले आणि आईला तीन मैल वाहून नेले.

या प्रसंगाचा रमाबाईंच्या पुढील आयुष्याशी काय संबंध, असे वाचणाऱ्यास वाटेल. संबंध आहे. ज्याला भार उचलण्यास कोणी मिळत नाही त्याची अवस्था काय होते, आणि दोन परकी माणसे पुढे आली तर काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते.

थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाई हीही पटकीने गेली. भाऊबहीण उरली. ती दोघे हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसल्यामुळे त्यांनी वाळूत खड्डे केले, त्यांत शिरून वरून वाळू पसरून घेतली आणि तशी रात्र काढली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर नाव झाले. पण दोन वर्षांतच श्रीनिवास वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला; तो संसारही दोन वर्षे टिकला नाही. १८८२ च्या आरंभी पतीचे निधन झाले, तेव्हा मांडीवर मनोरमा नावाची दहा महिन्यांची मुलगी होती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांचा त्यांना पाठिंबा होता. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला. परंतु तेथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांचे लंडनजवळ फुलम येथे एक सेवागृह होते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. आणि त्यांची सेवा करण्यास चांगल्या घरांतील स्त्रिया आपण होऊन येत. पतितेला जवळ घेऊन उभे करावयाचे असते, हा विचार रमाबाईंच्या मनात खोल रुजला. यामागील प्रेरणा कोणती याचा त्यांनी शोध केला, आणि १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

या बातमीने महाराष्ट्रात अनेकांना दुःख झाले, कित्येकांना संताप आला. इकडे इंग्लंडातही त्यांची वाट सरळ नव्हती. जेराल्डिन नावाच्या भगिनीने त्यांना नव्या धर्मात आईप्रमाणे वागविले. परंतु शिष्येने आपल्या सांगण्याबाहेर विचार करू नये, असा तिचा आग्रह असे. रमाबाई गुरूचा मान राखीत आणि मत मात्र स्वतःच्या विवेकाने ठरवीत. दोघींमध्ये पत्रांतून मोठे वाद झाले, तरी स्नेह तुटला नाही. शिकविणाऱ्याने हात धरावा, पण तो कोठवर, हा प्रश्न त्यांनी शिष्या असतानाच ओळखला होता. पुढे स्वतः गुरू झाल्यावर त्यांना त्याचे उत्तर द्यावे लागले.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालशिक्षणाची पद्धती त्या शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, आणि हिंदुस्थानातील विधवांसाठी शाळा काढण्यास साहाय्य मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर त्यांनी शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी अगदी थोड्या होत्या. त्यांतच गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. याच गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या आणि आनंदीबाई या नावाने कर्व्यांच्या कार्यात आयुष्यभर राबल्या. पुढच्या वर्षी शारदा सदन पुण्यास आले. तेथे प्रत्येक मुलीला आपला आचार पाळण्याची मोकळीक होती; परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली मोठा गहजब झाला. सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांचा राग सर्वस्वी निष्कारण होता असे म्हणता येत नाही. आणि दारावर आलेल्या मुलीला हाकलावयाचे नाही हा रमाबाईंचा बाणाही समजण्याजोगा होता. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम चालू ठेवले. त्या मुलीच पुढे त्यांचे बळ ठरल्या.

१८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकून रमाबाईंना आपल्या आईबापांचे मरण आठवले. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. अनाथ मुली सडकेवर, धर्मशाळांत, झाडांखाली पडल्या होत्या. हाडांचे सापळेच ते. थोड्या मुली आणाव्यात अशा विचाराने त्या निघाल्या होत्या, परंतु प्रत्यक्ष पाहिल्यावर मोजदाद कोण करणार? मुली शेकड्यांनी आल्या. इतक्यात पुण्यात प्लेगची साथ पसरली, आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी माळजमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर घाईघाईने झोपड्या उभारून त्यांनी मुलींना तेथे नेले.

आता खरी कसोटी होती. खाणे आणि छप्पर यांची सोय पैशाने होते. पण या मुलींना पोटभर जेवणे म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. कित्येक आजारी होत्या. भुकेने त्यांचे बालपण करपले होते, आणि अन्नासाठी हिसकाहिसकी करण्याची खोड अंगी मुरली होती. शेकडो मुलींना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, अक्षर शिकविणे, आणि सर्वांत कठीण म्हणजे विश्वास वाटेल असे वागणे, हे एका बाईच्या हातून होणे शक्य नव्हते. रमाबाईंनी ते एकटीने करण्याचा हट्ट धरला नाही. ही कामगिरी त्यांनी शारदा सदनातील थोरल्या मुलींपुढे ठेवली.

या थोरल्या मुली म्हणजे कोण? बहुतेक बालविधवा. ज्यांना घरी अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविले होते, ज्यांच्यावर कोणी कसलीही जबाबदारी टाकली नव्हती, त्यांच्या हाती रमाबाईंनी लहानग्या सोपविल्या. कोणी शिक्षिका झाली, कोणी परिचारिका, कोणी भांडारगृह सांभाळू लागली. आलेल्या मुली भिन्न जातींच्या आणि भिन्न भाषा बोलणाऱ्या. त्यांच्या केसांतील जटा सोडवावयाच्या आणि त्यांना जवळ निजवावयाचे, हे सोवळ्यात वाढलेल्या मुलींना प्रथम जड गेले असले तर नवल नाही. एकमेकांची ओझी वाहावी, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. रमाबाईंच्या लेखी तो व्याख्यानाचा विषय नव्हता; ते रोज सकाळी उठून करावयाचे काम होते. सगळ्या मुली वाचल्या नाहीत. दुष्काळाने ज्यांचे शरीर पार खचले होते त्यांतील काहींनी केडगावला येऊनही डोळे मिटले. त्या वेळी त्यांच्या उशाशी एखादी ताई बसलेली होती, इतकाच फरक.

१८९८ साली पक्क्या इमारतीचा पाया घातला गेला आणि संस्थेला मुक्तिसदन हे नाव मिळाले. १९०० च्या सुमारास गुजरात व राजपुतान्यात पुन्हा दुष्काळ पडला, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या वेळी नव्या मुलींना सांभाळण्यास पुढे आल्या त्यांत आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना दुसऱ्यांनी भरविले, त्याच आता घास भरवीत होत्या. एवढा मोठा पसारा चालवावयाचा तर केवळ देणग्यांवर कसा चालणार? मुली विहिरीचे पाणी काढून शेते भिजवीत, गाई सांभाळीत, हातमागावर कापड विणीत, घाण्यावर तेल काढीत. निराधार व पतित स्त्रियांसाठी कृपासदन होते. अंध मुलींसाठी बार्तमी सदन होते. ख्रिस्ताने ज्याला दृष्टी दिली अशी कथा आहे, त्या आंधळ्याचे हे नाव. मनोरमाबाई परदेशात शिकत असताना अंधांची ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी अंध मुलींना वाचावयास शिकविले, टोपल्या विणण्याचे काम दिले.

मनोरमाबाई या आईचा उजवा हात होत्या. शाळा त्या पाहत, पत्रव्यवहार त्या पाहत. गुलबर्गा येथे मुलींसाठी शाळा काढली तीही त्यांनीच. रमाबाईंचे कान आता जवळजवळ बंद झाले होते आणि शरीर थकले होते. आपल्यामागे हा भार मनोरमा वाहील, या विश्वासावर त्या निश्चिंत होत्या. परंतु १९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाईंचेच निधन झाले. चाळीस वर्षांच्या लेकीला निरोप देण्याची वेळ त्रेसष्ट वर्षांच्या आईवर आली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी; रक्ताचे म्हणावे असे त्यांच्यापाशी कोणी राहिले नाही.

तरी हातातील काम राहिले होते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीच त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर करावयास घेतले होते. त्या वेळी जे भाषांतर उपलब्ध होते त्यातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बायांना कळत नसे. मुक्तिसदनातील साध्या मुलीला वाचून समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. जिला संस्कृत मुखोद्गत, तीच बाई अवघड संस्कृत शब्द वगळून सोपे शब्द शोधीत बसे, ही मौजेची गोष्ट आहे. मूळ ग्रंथ समजावा म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या. छापखाना मुक्तिसदनाचाच होता. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, पाने छापणे, घड्या घालणे, ही कामे मुलीच करीत. दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या ज्या मुलींना अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याच आता शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळी जुळवीत होत्या.

मनोरमाबाई गेल्यानंतरचे नऊ महिने रमाबाईंनी मुद्रिते तपासण्यात घालविले. शेवटची मुद्रिते तपासून होतात न होतात तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. छापण्याचे काम अजून पुरे व्हावयाचे होते. ते मुलींनी थांबविले नाही. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला.