वाल्डेमार हाफकिन आणि त्यांची प्रयोगशाळा

आमच्या धनज गावापासून मुंबई दूर आहे, आणि मुंबईतील परळ येथे जी हाफकिन संस्था आहे ती आमच्या शाळेतील फारच थोड्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडली असेल. तथापि त्या संस्थेस ज्यांचे नाव मिळाले आहे, त्या पुरुषाचा आमच्या वऱ्हाडाशी संबंध नाही असे म्हणता येणार नाही. प्लेगचे साल ही कालगणना एके काळी आमच्याकडील घराघरांत चालत असे. कोणाचा जन्म, कोणाचे लग्न, कोणाचे घर केव्हा ओसाड पडले, हे प्लेगच्या सालावरून सांगण्यात येई. ती साथ ज्या वर्षी मुंबईस उतरली, त्याच वर्षी तिच्याशी झुंजावयास हा परदेशी मनुष्य त्या शहरी आला; म्हणून त्याचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन ह्यांचा जन्म ता. १५ मार्च १८६० रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्याच्या दक्षिण भागात, एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. रक्तातील काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंस गिळून टाकतात व अशा रीतीने शरीर आपले रक्षण करते, हा महत्त्वाचा शोध ह्याच मेचनिकोव्ह ह्यांचा होय. शिष्याची बुद्धी गुरूस मान्य होती. पण रशियात त्या काळी यहुद्यांवर अनेक निर्बंध असत. हाफकिन ह्यांनी आपला धर्म सोडून तेथील राजमान्य पंथ पत्करला असता तर त्यांस अध्यापकाची जागा मिळण्यास अडचण नव्हती. ते त्यांनी केले नाही. ख्रिस्ती शाळेच्या ह्या वार्षिकात ही गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. कारण पोटासाठी बदललेला धर्म कोणत्याच पंथास भूषणावह नसतो.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ शिकवण्याचे काम करून १८८९ साली ते पॅरिस येथील पाश्चर संस्थेत गेले. तेथे मेचनिकोव्ह अगोदरच आले होते. परंतु शिष्यास देण्याजोगी जागा एकच होती, ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची! दिवसा पुस्तकांची व्यवस्था आणि उरलेल्या वेळी जंतूंचा अभ्यास, असा क्रम त्यांनी धरला. पटकीचे जंतू दुर्बळ करून त्यांचीच लस बनवावी, ह्या उद्योगात ते पडले आणि ता. १८ जुलै १८९२ रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ज्वर आला, तो उतरला. नंतर मित्रांनीही टोचून घेतले. हाफकिन हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. ह्यामुळे पुष्कळ डॉक्टरांस त्यांचा उद्योग आगंतुक वाटला व पुढे ह्याच गोष्टीने त्यांस बराच त्रास झाला.

पटकीचे माहेरघर हिंदुस्थान. तेव्हा लशीची खरी परीक्षा येथेच व्हावयाची. १८९३ च्या मार्चात ते कलकत्त्यास उतरले. आग्रा, अलीगढ, पंजाब, आसामचे चहाचे मळे, कलकत्त्याच्या दाट वस्त्या असे ते दोन वर्षे हिंडले. लोक धोंडे घेऊन धावून आले असेही एक-दोन प्रसंग झाले. अशा वेळी त्यांच्याबरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी जमावासमोर आपलेच दंड पुढे केले व त्यामुळे लोकांचे भय मोडले. सुमारे ४२,००० माणसांस टोचून झाल्यावर हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली व १८९५ साली त्यांस विलायतेस परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा आले.

आता मुंबईचा प्रसंग. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास ह्या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे रोगी ओळखले. धान्याची वखार, कोंदट चाळी, मरून पडणारे उंदीर आणि मागोमाग माणसे, असा तो क्रम होता. लोक शहर सोडून पळू लागले व पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. सरकारने हाफकिन ह्यांस पाचारण केले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईस दाखल झाले.

त्यांस जी प्रयोगशाळा मिळाली ती आजच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानी घ्यावी. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्यालगतची पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच सारा सरंजाम. शिपायांस जंतुशास्त्राचा गंधही नव्हता. त्यांस बाटल्या उकळण्यापासून सारे शिकवावे लागले. आणि जी वस्तू हाताळावयाची ती म्हणजे ज्या रोगाने शहर ओस पडत होते त्याचेच जिवंत बीज! सहायकांपैकी एकाचे मन ह्या ताणाने खचले व दोघे काम सोडून गेले. त्यांस भित्रे म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही. प्रयोगशाळेत काम करणारांची नावे बहुधा कोठेच लिहिली जात नाहीत. ज्यांनी त्या तीन महिन्यांत काचेची भांडी धुतली, विस्तव सांभाळला व नळ्या हाती धरल्या, त्या शिपायांचीही नावे आम्हांस देता येत नाहीत.

लस कशी केली ते थोडक्यात सांगतो. प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन व कितासातो ह्यांनी शोधून काढले होते. ते वाढविण्यास मांसाचा रस लागे. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर ही लस येथील लोक अंगाला लावू देणार नाहीत, हे जाणून हाफकिन ह्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. थेंबाच्या खालच्या अंगास जंतू धरत आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली लोंबत वाढत. काही दिवसांनी भांडे हलविले की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत व वर नव्या फुटत. सुमारे सहा आठवडे असे चालल्यावर रस चांगला तापवून जंतू मारावयाचे आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे. ह्या मेलेल्या जंतूंस जिवंत जंतूंची शक्ती नसते. परंतु शरीर त्यांवरून शत्रूची ओळख करून घेते आणि पुढे खरा शत्रू आला म्हणजे त्याच्याशी लढावयास सज्ज असते. तुपाचा असा उपयोग पाश्चर संस्थेत कोणाच्या स्वप्नातही आला नसेल.

ता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःसच टोचून घेतली आणि तीही पुढे इतरांस जेवढी देत तिच्या कित्येक पट. अंगात ताप भरला, टोचलेली जागा दुखू लागली. तरी काम थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी आपखुशीने पुढे आले त्यांस टोचण्यात आले व बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांपैकी कोणी दगावला नाही. न टोचलेल्यांत मृत्यू झाले.

परंतु आमच्या मते ह्याहून अधिक निर्णायक परीक्षा बडोद्याजवळील उंढेरे गावी १८९८ च्या फेब्रुवारीत झाली. तेथे प्रत्येक घरातील अर्ध्या माणसांस टोचावे व अर्ध्यांस तसेच ठेवावे अशी योजना होती; म्हणजे घर एक, अन्न एक, हवा एक, भेद केवळ लशीचा. नंतर ज्या घरांत रोग शिरला तेवढ्यांचाच हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ वारले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व २६ वारले. गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आकडे एकदा मांडून पाहावेत. आणि त्याबरोबर हेही मनात आणावे की, त्या २६ जणांच्या घरच्यांस, आपल्या माणसास टोचले असते तर, हा विचार जन्मभर पुरला असेल.

लोकांचा विश्वास मिळविणे हे लस करण्याहून कठीण होते. त्याच वर्षांत पुण्यास घरझडत्यांचा जुलूम चालला होता, ता. २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती ह्याच संतापातून. त्याआधी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने निवर्तल्या होत्या. सरकारी सुई म्हणजे सरकारी दंडुका असे लोकांस वाटले तर त्यात नवल काय? हाफकिन ह्यांची टोचणी मात्र स्वेच्छेची होती. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान ह्यांनी आपल्या लोकांसमक्ष स्वतः टोचून घेतले व प्रयोगशाळेस आपला बंगला दिला, तेव्हा त्या समाजातील हजारो लोक पुढे आले. एका माणसाच्या उघड्या दंडाने जे साधले ते फौजेच्या झडतीने साधले नाही.

ता. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. ही वास्तू पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्मगुरूंची होती, पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि शेवटी तिच्या दिवाणखान्यांत लशीच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या. तेथून लाखो मात्रा देशभर व देशाबाहेर जाऊ लागल्या.

असे सर्व सुरळीत असता घात झाला. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांस टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांस एकाच बाटलीतील लस दिली होती. ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. बाकीच्यांस काही झाले नाही. चौकशी बसली. बाटली परळहून निघाली तेव्हाच दूषित होती, असे मत चौकशीत पडले. हाफकिन ह्यांनी लस करण्याच्या रीतीत कार्बोलिक ॲसिड गाळले होते, तेही त्यांच्या अंगावर आले. ते पदावरून दूर झाले आणि १९०४ साली हिंदुस्थान सोडून गेले. वस्तुतः मलकोवाल येथे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला, असा पुरावा होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढले असते तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. ती कोणासही आली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुराव्याची छाननी केली. तरीही वर्षे गेली. अखेर १९०७ च्या जुलैत हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञ ह्यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात उघड पत्र लिहून सरकारचे कान उपटले, तेव्हा हाफकिन दोषमुक्त झाले.

आमच्या मते ह्या प्रकरणात सरकारची चूक निव्वळ निवाड्याची नव्हती. एकोणीस जीव गेले, त्याबद्दल कोणास तरी जबाबदार धरणे प्राप्त होते. पण परका, यहुदी आणि डॉक्टर नसलेला मनुष्य समोर असला की बोट त्याच्याकडे वळविणे फार सोपे जाते. त्या हतभागी मदतनिसासही आम्ही दुष्ट म्हणणार नाही. जो चिमटा त्याच्या हातून निसटला तो कोणाच्याही हातून निसटला असता. म्हणूनच प्रयोगशाळेत शुद्धीचे नियम इतके कडक असतात.

हाफकिन परत आले ते कलकत्त्यास. मुंबईतील जागा भरली गेली होती. नव्या प्रयोगांस पूर्वीसारखी मोकळीक मिळाली नाही, आणि पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळात ते निवृत्त होऊन युरोपास गेले. त्यांनी विवाह केला नाही. उत्तर आयुष्यात ते आपल्या धर्माच्या आचारात अधिकाधिक रमले व आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी धर्मपाठशाळांस ठेवली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, हे पाहण्यास ते हयात होते. ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

मेचनिकोव्ह व हाफकिन ह्यांच्या पिढीने ज्या शक्तीचा माग काढला, तिची दुसरी बाजू पुढे उघड झाली. जे शरीर जंतूस परका म्हणून ओळखते, तेच दुसऱ्याच्या त्वचेस किंवा मूत्रपिंडासही परके मानून झिडकारते. पीटर मेडावार ह्यांनी दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रोग्यांवर त्वचारोपण करताना ह्याचा अभ्यास आरंभिला व १९६० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईतही १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी एक अत्यंत विरळ रक्तगट शोधला, त्यास जगभर मुंबईचेच नाव आहे; त्या गटाच्या मनुष्यास इतर कोणाचेही रक्त चालत नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन ह्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात हृदयारोपण केले, ते हाफकिन संस्थेच्या शेजारीच.

प्लेगची ती लस आता मागे पडली आहे. रोग वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी व नंतर सुरतेस प्लेगची वार्ता उठली तेव्हा मात्र माणसे पूर्वीसारखीच गाड्या भरभरून पळाली. परळची वास्तू अद्याप उभी आहे आणि पांढरा अंगरखा घातलेली तरुण माणसे आजही तेथे सकाळी कामास जातात.