पन्नास गिन्नींचा हार

आमच्या बचत गटाची सहल पुण्याला आगाखान पॅलेस बघायला गेली होती. कस्तुरबांची खोली पाहताना आमच्यातल्या एकीने हळूच विचारलं, की या बाईंकडे कधी दागिने नव्हतेच का?

होते की! पोरबंदरच्या सुखवस्तू व्यापाऱ्याची ही लेक, जन्म १८६९चा. तेराव्या वर्षी लग्न झालं. १८९७ साली नवऱ्यासोबत दक्षिण आफ्रिकेत डर्बनला उतरल्या. तिथे गांधीजींची वकिली जोरात चालत होती. घरी माणसांचा राबता, कारकूनसुद्धा घरातच राहायचे. त्या सगळ्यांचं करता करता बांचा दिवस मावळायचा.

१९०१मध्ये भारतात परतायचं ठरलं, तेव्हा तिथल्या लोकांनी निरोपाच्या भेटी दिल्या. सोन्याच्या साखळ्या, घड्याळं, हिऱ्याची अंगठी आणि खास बांसाठी पन्नास गिन्नींचा सोन्याचा हार. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. सेवेचा मोबदला घ्यायचा नाही, सगळ्याचा ट्रस्ट करायचा, असं त्यांनी ठरवलं. सकाळी आधी मुलांना आपल्या बाजूला वळवलं, मग बायकोकडे आले. (हा डाव आपल्याला नवा नाही!)

बा रडल्या, भांडल्या. उद्या सुना येतील, त्यांना काय घालू? आणि हार तर मला दिलाय, त्यावर तुमचा हक्क कसला? तुमच्या सेवेत मी रात्रंदिवस राबले ती सेवा नव्हे का? असा त्यांचा सवाल होता. मला तर तो आजही बिनतोड वाटतो. पण हार गेला. आपण संमती कशीबशी मिळवली, हे गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत कबूल केलंय.

तेव्हा साधेपणा बांनी निवडला असं आपण सहज म्हणतो, ते अर्धंच खरं. सुरुवातीला तो त्यांच्यावर लादलाच गेला.

पुढे मात्र चित्र बदललं. १९१३ साली तिथल्या एका न्यायालयाच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं कायद्याने बाद ठरली. म्हणजे बा कायद्याने पत्नीच नाहीत! त्या सत्याग्रहात उतरल्या, तीन महिने सक्तमजुरी भोगली आणि अगदी हाडांचा सापळा होऊन बाहेर आल्या. हे काही नवऱ्याच्या हट्टापायी होत नाही.

तरी कसोटी संपली नव्हती. कुणी भेट दिलेले चार रुपये आश्रमात जमा करायचे राहिले, तर १९२९मध्ये गांधीजींनी ते चक्क आपल्या वर्तमानपत्रात छापलं. चार रुपये हो! वाचताना माझा तर संताप झाला. बा मात्र तिथेच राहिल्या, पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कुडाच्या झोपडीतही राहिल्या.

ऑगस्ट १९४२मध्ये गांधीजींना पकडलं, तेव्हा मुंबईत शिवाजी पार्कच्या सभेला त्यांच्या जागी जायला बा निघाल्या आणि त्यांनाही अटक झाली. वय त्र्याहत्तर. आगाखान पॅलेसच्या कैदेतच २२ फेब्रुवारी १९४४ला त्या गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना अग्नी दिला. हातात सोनं नव्हतंच, काचेच्या बांगड्या होत्या. राख सावडताना त्यातल्या पाच अखंड मिळाल्या, असं सांगतात.