गाईडमधले इंजिन आणि निबंधमालेचे शास्त्रीबुवा



यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असे कमिटीच्या मंडळींनी मला आषाढातच बजावले होते. मी पडलो डिप्लोमावाला इंजिनिअर. वीस-बावीस वर्षांत रुळांच्या तपासणीचे रिपोर्ट सोडले तर हातून लेखन असे काही झालेले नाही. पण त्याच आठवड्यात घरी एक प्रकार घडला आणि विषय आपणहून समोर आला.

आमची कन्या आठवीत आहे. शाळेत इंग्रजी निबंध लिहायचा होता, विषय रेल्वे स्टेशनवरचा एक तास. म्हटले, चला, आज तरी बापाची आठवण होईल. कसले काय! तिने गाईडमधला निबंध घडाघडा म्हणून दाखवला. त्यातले इंजिन काळाकुट्ट धूर सोडत, शिट्टी फुंकत फलाटाला लागत होते. मुलगी जन्मापासून रेल्वे कॉलनीत वाढलेली. आमच्या चेन्नई बीच ते तांबरम लाइनवर १९३१ पासून विजेच्या गाड्या धावतात. वाफेचे इंजिन तिने पाहिले ते म्युझियममध्ये, तेही जागच्या जागी उभे!

रागावणार होतो, पण जीभ चावली. दहावीला मीही पावसाळ्यावरचा निबंध असाच पाठ करून गेलो होतो. त्याहून वाईट म्हणजे नोकरीत आल्यावर वरच्या पदासाठी विभागीय परीक्षा दिली, त्यात पावसाळ्यापूर्वी लाइनची काय तयारी कराल, असा प्रश्न होता. भर पावसात पुलाजवळ कंदील घेऊन रात्री काढलेला मी माणूस, पण उत्तरात उतरवल्या त्या कुणाच्या तरी नोट्स. त्या वर्षी नापास झालो आणि खापर नशिबावर फोडले.

मग गावाहून आणलेली निबंधमालेची जुनी, पिवळी पडलेली प्रत काढली. मुलीला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची गोष्ट सांगितली, तीच इथे लिहितो.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म पुण्याचा, २० मे १८५०. वडील कृष्णशास्त्री मोठे पंडित. संस्कृत, इंग्रजी दोन्ही येणारे, शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख. घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि मुलाला वाचनाचे वेड. १८७२ साली डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. परीक्षेला नेमलेली पुस्तके सोडून बाकीचे वाचण्याकडेच ओढा जास्त. इंग्रजीतले जॉन्सन, मेकॉले, अ‍ॅडिसन हे निबंधकार, संस्कृतातले कालिदास, बाण, भवभूती आणि मराठीत मोरोपंत. एका बैठकीत या सगळ्यांची पंगत बसवणारा दुसरा विद्यार्थी तेव्हाच्या पुण्यात क्वचितच असेल.

पण नुसत्या वाचनाने लिहिता येत नाही. आमच्याकडे नवा पोरगा थेट लाइनवर सोडत नाहीत. आधी तो जुन्या मेटच्या मागे गँगबरोबर फिरतो. विष्णुशास्त्र्यांची ही उमेदवारी घरातच झाली. जॉन्सनच्या ‘रासेलस’ कादंबरीचे भाषांतर वडिलांनी हाती घेऊन अर्धवट ठेवले होते, ते मुलाने पुरे केले. भाषांतर करताना परक्या वाक्याचा सांगाडा खोलून पुन्हा मराठीत जोडावा लागतो. इंजिनिअरला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय ‘शालापत्रक’ हे शिक्षणखात्याचे मासिक होते. वयाच्या अठराव्या वर्षापासून ते त्यात लिहू लागले, पुढे त्याचे कामही त्यांच्याकडेच आले. संस्कृत कवींवरचे त्यांचे गाजलेले लेख त्यातलेच. पण मास्तरांच्या मासिकात असली रोखठोक मते सरकारला रुचणारी नव्हती. १८७५ साली ते बंद झाले.

त्याच्या आधीच, जानेवारी १८७४ मध्ये, त्यांनी स्वतःचे मासिक काढले होते. तीच ‘निबंधमाला’. वय वर्षे तेवीस, नोकरी सरकारी हायस्कुलात मास्तरकीची. मासिक जवळजवळ एकटाकी. असे ८४ अंक निघाले, म्हणजे सात वर्षांचा ऐवज! महिना भरला की अंक हवा. आमची महिन्याची स्टेटमेंट वेळेवर जात नाहीत, तर हा माणूस दरमहा नवा विषय उभा करत होता.

पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या अवस्थेवर होता. कारणही तसेच होते. शिकलेली मंडळी एकमेकांना पत्रे इंग्रजीत लिहीत आणि मराठीत गहन काही लिहिताच येत नाही म्हणत. मराठी पुस्तके बरीचशी भाषांतरित, तीही सरकारी साच्याची. विष्णुशास्त्र्यांचे म्हणणे असे की, दोष भाषेचा नाही, ती न वापरणाऱ्यांचा आहे. आणि त्यांनी ते करून दाखवले. इतिहास, वाचन, वक्तृत्व, अनुकरण, गर्व, लेखनशुद्धी, डॉक्टर जॉन्सनचे चरित्र असले नाना विषय त्यांनी मराठीत हाताळले. त्यांची वाक्ये मालगाडीसारखी लांब आहेत, हे खरे. आजच्या मुलांना दम लागतो, मलाही लागला. पण डबे एकमेकांना नीट जोडलेले असतात. आधी विरुद्ध पक्ष काय म्हणतो ते मांडायचे, मग त्याचा एकेक मुद्दा सोडवायचा, मध्येच कोपरखळी, मग पेशवाईतला नाही तर ग्रीसमधला दाखला. गाईडमधल्या निबंधात समोर कोणी नसतेच, म्हणून तो फुसका वाटतो. शास्त्रीबुवा कायम कोणाशी तरी भांडत असतात.

या भांडणात मात्र त्यांचा तोल गेला, तेही सांगायला हवे. लोकहितवादींवर ते तुटून पडले. जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची त्यांनी टर उडवली. मला हे पटत नाही. जोतीरावांनी शेतकऱ्याचे हाल डोळ्यांनी पाहिले होते आणि तेच लिहिले होते. त्यांत कोणाचे गाईड नव्हते. शास्त्रीबुवांनी शब्दांच्या चुका मोजल्या, शब्दांमागचे दुःख मोजले नाही. ही पाने मी मुलीपासून लपवली नाहीत.

१८७८ साली वडील गेले आणि त्याच साली बदली झाली रत्नागिरीला. बदलीचे दुःख आपल्यापैकी कोणाला सांगावे लागेल? पुणे सुटले, मित्र सुटले, छापखाना दूर गेला. आपण अर्ज करतो, वशिला शोधतो. त्यांनी पुढच्याच वर्षी नोकरी सोडायचे ठरवले. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. सोबतीला तेवीस वर्षांचे बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी. मागाहून आगरकर आले. चित्रशाळा आणि आर्यभूषण छापखान्याच्या उभारणीतही शास्त्रीबुवा होते. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तो १८९३ पासून. तो पाहायला शास्त्रीबुवा नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी, बत्तीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, ते गेले. मालेतला शेवटचा निबंध देशाच्या स्थितीवरचा होता. पुढे सरकारने तो जप्त केला, आणि ती बंदी उठली १९३७ साली. म्हणजे लिहिणारा जाऊन पन्नासवर वर्षे झाली तरी त्या निबंधाची धास्ती होती!

हे ऐकल्यावर कन्येने विचारले की, शास्त्र्यांना निबंधात मार्क किती मिळायचे? मला सांगता आले नाही. मग ती म्हणाली की स्टेशनवर लिहिण्यासारखे काही नसतेच. रविवारी तिला पेरांबूर स्टेशनावर घेऊन गेलो, वही न घेता. तासभर बाकावर बसलो. घरी येऊन तिने आपल्या मनाने लिहिले. फुलवालीची टोपली, लोकलच्या दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरे, एकच घोषणा तीन भाषांतून ऐकून पुन्हा फलाट विचारणारे आजोबा. आणि रात्रपाळीहून येणारे बाबा, ज्यांच्या बुटांना ग्रीस लागलेले असते म्हणून आई त्यांना दारातच थांबवते.

निबंध गाईडपेक्षा निम्मा भरला. स्पेलिंगच्या चार चुका होत्या. दोन तिच्या तिलाच सापडल्या, दोन मी दाखवल्या. वही शाळेत गेली आहे, बाईंनी अजून तपासून दिलेली नाही.